मनगटावरचा प्रश्न

चंदीगडमध्ये आठवीच्या शंभर मुलामुलींना गजराची मनगटी घड्याळं दिली होती. आठवडाभर ती दिवसातून आठदा वाजायची. वर्गात असो, जेवताना असो, घड्याळ वाजलं की लगेच लिहायचं: आत्ता काय चाललंय आणि कसं वाटतंय?

‘गेला महिना कसा गेला?’ असं विचारलं तर या वयाचं मूल ‘बरा’ म्हणून मोकळं होतं. घड्याळाला मात्र चार हजारांहून अधिक उत्तरं मिळाली. संशोधक सुमन वर्मा, रीड लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ती मांडली.

जागेपणीचा तिसरा हिस्सा शाळा आणि अभ्यासात जात होता. मुलींचा गृहपाठाचा वेळ मुलांपेक्षा जास्त. पुस्तक समोर असताना मन खाली गेलेलं. ज्यांचा अभ्यासाचा वेळ जास्त, त्यांची रोजची मनःस्थिती सरासरीनं खालची. आतल्या आत कुढणं आणि परीक्षेची धास्तीही त्यांच्यात जास्त.

अभ्यासानं मन खचतं, की धास्तावलेलं मूलच पुस्तकाला चिकटून बसतं, हे या नोंदींवरून ठरत नाही. शिवाय, जास्त वेळ मोकळा घालवणारी मुलं खुशीत होती खरी, पण धास्ती त्यांनाही होती आणि गुण कमी होते. सुटका कुणाचीच नव्हती.

महाराष्ट्रात आठवी म्हणजे अनेक वर्षं शिष्यवृत्ती परीक्षेचं वर्ष होतं. शाळा, क्लास, जादा तास. आपण मुलांना निकालाच्या दिवशी जपतो. पण मधल्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, त्यांना कसं वाटत असतं?

रडू येणं, संताप होणं, मैत्रिणीनं अबोला धरला म्हणून जेवण न जाणं, हे आजार नव्हेत. ते येतं आणि ओसरतं. ओसरलंच नाही, दोन आठवडे जवळजवळ रोज तसंच राहिलं, झोप बिघडली, आवडता खेळ नकोसा झाला, तर मात्र मदत घ्यायला हवी. या वयातलं नैराश्य नेहमी उदास चेहऱ्यानं येत नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपात येतं. आपण म्हणतो, ‘हल्ली फार उद्धट झालाय,’ आणि ओरडतो. किती मुलांची मदत इथेच अडत असेल, या विचारानं जीव तुटतो.

14416. ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, रात्रीही सुरू असते आणि तिथं मराठीत बोलता येतं. पालकांनी फोन करावाच. नंबर मुलांनाही देऊन ठेवावा.