छिद्र हृदयात, उत्तर फुफ्फुसात

मंडळी, हृदयाच्या शस्त्रक्रियांचा इतिहास सांगताना आपण सर्जनची नावं घेतो, आणि ते रास्तच आहे. आज मात्र मी एका पॅथॉलॉजिस्टबद्दल, म्हणजे शरीराचे तुकडे तपासून आजाराचं कारण शोधणाऱ्या डॉक्टरबद्दल बोलणार आहे. डॉ. जेसी एडवर्ड्स. १९११ चा जन्म, शिक्षण टफ्ट्स विद्यापीठात, महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत, आणि १९४६ पासून मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये.

त्यांच्या नशिबाने म्हणा, पुढच्या दहा वर्षांत याच मिनेसोटात हृदय उघडून खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं जन्मजात छिद्र शिवण्याचं पर्व सुरू झालं. १९५४ मध्ये मिनिआपोलिसला सर्जन लिलेहाय यांनी मुलाचं रक्ताभिसरण वडिलांच्या शरीराला जोडून ते केलं. २२ मार्च १९५५ ला मेयोमध्ये सर्जन कर्कलिन यांनी हृदय आणि फुफ्फुसाचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या मदतीने केलं. मुलं वाचू लागली. पण काही मुलांचं छिद्र नीट बंद होऊनही ती दगावत होती. टाके पक्के, पडदा शाबूत, तरी मूल गेलं. असं का झालं, याचं उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावरच शोधावं लागणार होतं.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातला दाब साधारण १२०, उजव्यातला जेमतेम २५. त्यामुळे मधल्या पडद्याला मोठं भोक असलं की रक्त डावीकडून उजवीकडे घुसतं आणि फुफ्फुसाकडे जातं. फुफ्फुसातल्या धमन्या मुळात नाजूक. त्यांच्यावर रात्रंदिवस जास्त रक्ताचा आणि जास्त दाबाचा मारा होतो. एडवर्ड्स यांचं वेगळेपण असं, की हृदयाच्या दोषाचं उत्तर त्यांनी फुफ्फुसात शोधलं. रक्त जिथून जातं तो सगळा रस्ता ते एकत्र बघत. रचना बघताना त्यातून काम कसं चालत असेल, हा प्रश्न सोडत नसत.

आता स्लाइडकडे या. एक मिलिमीटरहून बारीक अशी फुफ्फुसातली धमनी. विशिष्ट रंग दिला की तिच्या भिंतीतले लवचीक तंतू काळे दिसतात: दोन काळ्या रेघा आणि त्यांच्या मध्ये स्नायूचा पातळ थर. मार बसू लागला की आधी हा स्नायू जाड होतो. मग आतल्या अस्तरात पेशी वाढतात. नंतर तिथे तंतू साचतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक, आणि मधली वाट सुईच्या टोकाएवढी उरते. पुढे धमनीचा एखादा भाग फुगून पातळ होतो आणि त्या फुगवट्यात बारीक फटींचं जाळं तयार होतं. इतकी वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावूनही हे जाळं दिसलं की माझा हात थांबतो. त्या माणसाला किती धाप लागत असेल, ते त्या एका वर्तुळात दिसतं.

ब्रिटनहून आलेले डोनाल्ड हीथ आणि एडवर्ड्स यांनी १९५८ मध्ये या बदलांच्या सहा पायऱ्या मांडल्या. पायऱ्या याच क्रमाने चढल्या जातात असं नाही, हे पुढे वागेनफोर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं. तरीही मांडणीतला गाभा टिकला: पहिल्या पायऱ्यांवर छिद्र बंद केलं तर धमन्या बऱ्याच अंशी सावरतात, वरच्या पायऱ्यांवर परतीची वाट नसते. त्याच १९५८ मध्ये लंडनला हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड रुग्णांच्या तपासणीतून त्याच ठिकाणी पोहोचले होते. फुफ्फुसातल्या धमन्यांचा रक्ताला होणारा विरोध शरीरातल्या धमन्यांच्या विरोधापेक्षा वाढला की प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीरात जातं, ओठ-नखं निळी पडतात. डॉ. आयसेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा एक रुग्ण नोंदवला होता. अशा वेळी उजव्या कप्प्याला ते छिद्र हीच सुटकेची वाट असते. तुम्ही ती शिवलीत की तो कप्पा दमून थांबतो. ती मुलं का गेली, ते इथे कळलं.

सर्जनला ‘हे छिद्र बंद करू नका’ असं सांगता येणं, हे मला या कारकिर्दीचं सर्वांत मोठं काम वाटतं. किती जीव त्या नकारामुळे वाचले, याची कुठे नोंद नसते.

१९६० मध्ये ते सेंट पॉलच्या मिलर हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे त्यांनी हृदयांचा संग्रह उभा केला. प्रत्येक हृदयासोबत त्या रुग्णाची हकिगत. संख्या २२,००० च्या वर गेली. २००८ मध्ये ते वारले. तोवर अनेक देशांतले डॉक्टर या संग्रहावर शिकून गेले होते.

आज दाब कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने मोजतात, इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) अंदाज घेतात, फुफ्फुसाचा तुकडा काढायची वेळ क्वचित येते. फुफ्फुसातल्या धमन्या सैल करणारी सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारखी औषधं आहेत. पण आपल्याकडे अजूनही मुलं उशिरा येतात. छोटी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, त्यांची घाई नको. मोठं छिद्र असेल आणि बाळ दूध पिताना घामेजत असेल, वजन धरत नसेल, सारखं छातीत कफ होत असेल, तर ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणून घरी बसू नका. आणि बाळाचं रडणं-धापणं मधेच कमी झालं म्हणून निर्धास्तही होऊ नका. धमन्या अरुंद झाल्या की फुफ्फुसाकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून काही काळ बरं वाटतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: फुफ्फुसातला दाब किती आहे?