इंडायच्या अपक्ष बाई

(दृश्य : मरे नदीचा वरचा प्रवाह. गवताळ टेकड्या, मागे बर्फाळ डोंगर.)

१९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या इंडाय मतदारसंघाचे खासदार रॉबर्ट कुक उमेदवारी अर्ज भरायलाच विसरले. अर्ज बाद झाला नव्हता, की त्यांनी माघारही घेतली नव्हती. ते चक्क विसरले! समोरचे मजूर पक्षाचे पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले. हा अपघात १९३१मध्ये दुरुस्त झाला आणि पुढची ८२ वर्षं ही जागा उजव्या बाजूच्या पक्षांकडे राहिली. कधी कंट्री पार्टी, कधी लिबरल. पुढे पंतप्रधान झालेले जॉन मॅकइवन बारा वर्षं इथले खासदार होते. त्याही आधी, १९०१ साली, इंडायचे पहिले खासदार होते आयझॅक आयझॅक्स. ऑस्ट्रेलियात जन्मलेले पहिले गव्हर्नर जनरल ते हेच. उजव्यांची ही जागा २०१३मध्ये काढून घेतली ती कॅथी मॅकगोवन या अपक्ष बाईंनी. ही त्यांची गोष्ट.

(नकाशा : व्हिक्टोरिया राज्याचा ईशान्य कोपरा. वँगरॅटा, वोडोंगा, बेनॅला, बीचवर्थ.)

मेलबर्नहून सिडनीकडे निघालं की अडीचशे किलोमीटरवर वँगरॅटा लागतं. नेड केली नावाच्या दरोडेखोराची शेवटची चकमक झाली ते ग्लेनरोवन इथून जवळच. गाईगुरं, सफरचंदांच्या बागा, किंग व्हॅलीतले इटालियन कुटुंबांचे द्राक्षमळे. ओव्हन्स नदीच्या खोऱ्यात एकेकाळी तंबाखू व्हायची, तीही या शतकाच्या सुरुवातीला संपली. असा हा मुलूख.

बालेकिल्ला म्हटलं की पक्षाला बरं वाटतं. तिथं राहणाऱ्याला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. जी जागा हरायची भीती नाही तिथं सत्ताधारी पैसा कशाला ओततील? आणि जी जिंकायची आशा नाही तिथं विरोधक तरी कशाला फिरकतील? इंडायमध्ये नेमकं हेच झालं होतं. वँगरॅटाच्या रेल्वेमार्गाचं गेज बदललं, पण रुळांखाली चिखल साचायला लागला आणि गाड्यांवर वेगमर्यादा आली. डोंगरातल्या खोऱ्यांत मोबाइलला रेंज नव्हती. उन्हाळ्यात वणवे पेटणाऱ्या भागात रेंज नसणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. आग कुठवर आली, हे कळायला मार्गच उरत नाही.

या भागातल्या कॅथी मॅकगोवन. जन्म १९५३चा. मोठ्या शेतकरी कुटुंबातल्या, तेरा भावंडांतल्या एक. सुरुवातीला शिक्षिका, मग ग्रामीण भागासाठी सल्लागाराचं काम, इंडिगो व्हॅलीत स्वतःची शेती. शेतीत राबणाऱ्या बाईला ‘शेतकऱ्याची बायको’ न म्हणता शेतकरी म्हणा, असा आग्रह धरणाऱ्या ‘ऑस्ट्रेलियन विमेन इन अॅग्रिकल्चर’ या संघटनेच्या त्या अध्यक्ष होत्या. या कामासाठी २००४मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मानही मिळाला. त्यांच्या चरित्रातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी त्यांनी नोकरी केली ती इंडायचे लिबरल खासदार युअन कॅमरन यांच्या कार्यालयात. म्हणजे ज्या पक्षाचा गड त्यांनी पुढे घेतला, त्याच पक्षाच्या कचेरीत बसून त्यांनी मतदारसंघाची गावं आणि गाऱ्हाणी पाहिली होती.

२०१२मध्ये वँगरॅटाच्या वाचनालयात डझनभर माणसं जमली. बहुतेकांची ओळख शेती, शाळा, दवाखाने, स्वयंसेवी कामं यांतून झालेली. मेलबर्नला शिकायला-नोकरीला गेलेली पुढची पिढी घरच्यांना विचारत होती, ‘आपल्या भागासाठी कुणी काही करतंय का?’ मॅकगोवन यांची भाचरंही त्यांत होती. या बैठकीतून उभी राहिली ‘व्हॉइसेस फॉर इंडाय’. उमेदवार शोधणं हा सुरुवातीला हेतूच नव्हता. आहेत त्या खासदारांनी आपलं ऐकावं, एवढंच हवं होतं.

त्यासाठी त्यांनी एक साधी रीत वापरली. कुणाच्या तरी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आठ-दहा जणांनी बसायचं. चहा-कॉफी घ्यायची. चांगला लोकप्रतिनिधी कसा असतो? आपलं गाव कशानं टिकेल? तुम्हाला कशाची काळजी वाटते? असे ठरलेले प्रश्न. कुणी कुणाला पटवायला जायचं नाही, फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. अशा बैठकांतून चारशेहून अधिक लोक बोलले आणि त्याचा अहवाल तयार झाला. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती, व्हिक्टोरियात ती आधीही वापरली गेली होती. तिच्यातून खासदार निघाला, हे मात्र नवं.

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की आधी आठवतो तिकीट कापलेला बंडखोर. हे प्रकरण निराळं. इथं आधी मागण्या लिहिल्या गेल्या आणि मग त्या घेऊन उभं राहणारं माणूस शोधलं. ते माणूस म्हणजे मॅकगोवन.

(दृश्य : नारंगी टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक, कुंपणांवर नारंगी फलक.)

समोर होत्या लिबरल पक्षाच्या सोफी मिराबेला. २००१पासूनच्या खासदार, उद्योग खात्याच्या भावी मंत्री म्हणून नाव जवळपास ठरलेलं. २०१०मध्ये त्यांना अंतिम मोजणीत सुमारे ५९ टक्के मतं होती. त्यात २०१३ साली देशभर टोनी अॅबट यांच्या लिबरल-नॅशनल्स आघाडीची हवा. अशा वर्षी अपक्षाचं काय होणार?

इथं ऑस्ट्रेलियाची मतदानपद्धत समजून घ्यायला हवी. मतदान सक्तीचं, न केल्यास दंड. आणि मतपत्रिकेवर एकच खूण करून चालत नाही. सगळ्या उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. आपल्याकडे विधान परिषदेला पसंतीक्रम असतो, तसाच, पण इथं प्रत्येक चौकट भरावीच लागते. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. अशा रचनेत पुष्कळ लोकांना दुसऱ्या क्रमांकावर चालणारा माणूस जिंकू शकतो.

७ सप्टेंबर २०१३. पहिल्या पसंतीत मिराबेला यांना जवळपास ४५ टक्के, मॅकगोवन यांना ३१. मग मजूर पक्ष आणि पर्यावरणवादी ग्रीन्स पक्ष यांची मतं वळू लागली. मोजणी दिवसेंदिवस चालली. मध्येच निवडणूक यंत्रणेला वँगरॅटातली सुमारे हजार मतं नोंदीतून सुटल्याचं लक्षात आलं. ती धरल्यावर मॅकगोवन यांची आघाडी वाढली. मोजणी चालू असतानाच मिराबेला यांनी ‘मंत्रिपदासाठी माझा विचार करू नका’ असं अॅबट यांना कळवलं. अखेर फरक निघाला ४३९ मतांचा. आघाडीनं देश जिंकला आणि इंडाय घालवलं.

राजधानी कॅनबेरात, संसदेत, अपक्षाच्या मागे पक्षाची यंत्रणा नसते. कागदपत्रं वाचायलाही माणसं कमी पडतात. मॅकगोवन यांनी यावर तोडगा काढला. अधिवेशनाच्या काळात मतदारसंघातले स्वयंसेवक आळीपाळीनं संसदेतल्या त्यांच्या कार्यालयात येऊन काम करायचे. शेतकरी, निवृत्त शिक्षक, विद्यार्थी. फोन घ्यायचे, टिपणं काढायचे आणि गावी परतल्यावर संसद म्हणजे काय ते शेजाऱ्यांना सांगायचे. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात हुशार निर्णय हाच. प्रचाराचा खर्च न करता पुढच्या निवडणुकीची फौज तयार होत होती.

रेंजसाठी नवे मोबाइल टॉवर आले. रेल्वेमार्गासाठी पैसा मंजूर झाला, काम मात्र रेंगाळत राहिलं. हे सगळं त्यांच्यामुळेच झालं, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. इंडायची जागा आता कुणाच्याही हाती जाऊ शकते हे दिसल्यावर मोठे पक्षही तिकडे बघू लागले होते.

२०१६मध्ये मिराबेला पुन्हा उभ्या राहिल्या. आघाडीतल्याच नॅशनल्स पक्षानंही आपला उमेदवार दिला. मॅकगोवन सुमारे ५५ टक्क्यांनी जिंकल्या.

खरं वजन आलं ते २०१८च्या अखेरीस. पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना त्यांच्याच पक्षानं खाली खेचलं, त्यांच्या रिकाम्या जागेवर अपक्ष केरिन फेल्प्स जिंकल्या आणि सरकारचं बहुमत गेलं. २६ नोव्हेंबरला मॅकगोवन यांनी राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी विधेयक मांडलं. अशा आयोगाला तोवर फारसा उत्साह न दाखवणाऱ्या सरकारनं तीन आठवड्यांच्या आत स्वतःचा प्रस्ताव जाहीर केला. पुढच्या फेब्रुवारीत मानुस आणि नाउरू या ऑस्ट्रेलियाबाहेरच्या बेटांवर अडकलेल्या आजारी निर्वासितांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणता यावं, असं विधेयक ७५ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झालं. सरकार सभागृहात हरलं. मॅकगोवन ७५च्या बाजूला होत्या. तो कायदा वर्षअखेरीस रद्द झाला, हेही सांगायला हवं.

तोवर त्यांनी निवृत्तीही जाहीर केली होती, जानेवारी २०१९मध्ये. एकट्या माणसाच्या नावावर आलेली जागा ते माणूस गेलं की पक्षाकडे परत जाते, हा तिथला नेहमीचा अनुभव. इथं लोकांनी पुन्हा शोध घेतला आणि परिचारिका व सुईण म्हणून काम केलेल्या हेलन हेन्स यांना उभं केलं. मे २०१९मध्ये त्या जिंकल्या. एका अपक्षाची लोकसभेसारख्या प्रतिनिधीगृहातली जागा दुसऱ्या अपक्षानं राखण्याची ऑस्ट्रेलियातली ही पहिलीच वेळ. त्याच रात्री सिडनीच्या वॉरिंगा मतदारसंघात झॅली स्टेगल या अपक्ष उमेदवारानं माजी पंतप्रधान टोनी अॅबट यांना हरवलं.

(दृश्य : २०२२, मेलबर्न. अपक्ष उमेदवारांचे निळसर-हिरवे फलक.)

मग ‘व्हॉइसेस’ नावाचे गट ठिकठिकाणी उगवले. मॅकगोवन आता त्यांना शिकवत फिरत होत्या. शहरांत त्यामागे बराच पैसाही आला, जो वँगरॅटात नव्हता, आणि त्यावर टीकाही झाली. २०२२मध्ये सहा नव्या अपक्ष महिला मोठ्या शहरांतल्या लिबरल जागांवर निवडून आल्या. त्यांतली एक कूयाँगची, जी एकेकाळी पंतप्रधान मेन्झीस यांची होती. तिथं अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग पडले.

भ्रष्टाचारविरोधी आयोग १ जुलै २०२३ला सुरू झाला. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीच्या उपाध्यक्षपदी हेलन हेन्स आल्या. २०२५मध्येही इंडायनं त्यांनाच निवडून दिलं. २०१३नंतर ही जागा अजून कुठल्याच पक्षाला परत घेता आलेली नाही.