वाघोटनच्या मुखावरचा विजयदुर्ग

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरातून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. पण नागपूरच्या भोसल्यांकडे एकेकाळी स्वतःचा समुद्रकिनारा होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. १७५१ साली बंगालच्या अलीवर्दीखानाशी तह झाला आणि ओडिशा पहिल्या रघूजीराजांच्या हाती आला. त्याबरोबर बालासोरचा किनाराही आला. वर बंगालची बारा लाख रुपये चौथाई ठरली. बारा लाख रुपये, दरसाल. हा आकडा ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आज मात्र मी तुम्हाला दुसऱ्या समुद्रावर नेतो. पश्चिमेच्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटन नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखावर विजयदुर्ग उभा आहे. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव घेरिया, शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेलं. शिलाहार भोज राजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असं परंपरा सांगते. पुढं तो आदिलशाहीकडे गेला आणि तिथून शिवाजी महाराजांकडे आला. महाराजांच्या काळात त्याला तिहेरी तटबंदी मिळाली.

या किल्ल्याची सगळी ताकद त्याच्या जागेत आहे. नदीच्या मुखावर तो बसलेला आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जमिनीची पट्टी आणि तिथं पूर्वी खंदक. आत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला तोफांच्या पुढ्यातून जावं लागे. एकदा आत गेलं की खाडी खोल आहे, वाऱ्यापासून आडोसा आहे, भर पावसाळ्यातही जहाजं तिथं सुखरूप राहतात. खाडीत आणखी आत खडक कोरून केलेली गोदी आहे. तिथं जहाजं ओढून घ्यायचे, तळ खरवडायचे, डागडुजी करायचे. म्हणजे मुखावर किल्ला, किल्ल्यामागे बंदर, बंदरामागे गोदी. किल्ला, बंदर, गोदी. या तिन्ही गोष्टी एका रांगेत असल्या की आरमार टिकतं.

कान्होजी आंग्र्यांनी हे नेमकं हेरलं. त्यांच्याकडे दोन तऱ्हेची जहाजं. एक गुराब, दोन-तीन डोलकाठ्यांचं, मोठ्या तोफांचं. दुसरं गलबत, लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वारा पडला तरी चालणारं. वारा पडला की युरोपियन जहाज जागच्या जागी अडकायचं आणि गलबतं वल्हवत त्याच्या मागे जाऊन उभी राहायची. मागच्या बाजूला तोफा कमी असतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. १७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, परत गेले. १७२० मध्ये तरंगता तोफखाना बांधून आणला, परत गेले. १७२४ मध्ये सात जहाजं घेऊन डच आले, तेही परत गेले. तीनदा आले आणि तीनदा हात हलवत गेले.

इथं एक गोष्ट बोलल्यावाचून मला पुढं जाववत नाही. इंग्रजी कागदांत कान्होजींना आणि त्यांच्या मुलांना सर्रास समुद्री लुटारू म्हटलं आहे, आणि आपलेही काही लोक तेच म्हणत राहतात. आंग्रे दस्तक द्यायचे. दस्तक घ्या, जकात भरा आणि खुशाल जा. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं याच समुद्रावर हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. पोर्तुगीजांचं ते राज्य आणि आंग्र्यांची ती लूट, हा हिशेब मला मान्य नाही. आंग्रे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, होते. आपल्या शाळांतून गडकोटांच्या सहली निघतात, त्या डोंगरी किल्ल्यांवरच जातात. विदर्भातल्या मुलांना एकदा तरी जलदुर्ग दाखवावा, असं माझं फार जुनं म्हणणं आहे. आपल्या सीताबर्डीचा किल्लासुद्धा वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. मुलांनी किल्ला बघावा तरी कधी? असो.

कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांत वाटण्या झाल्या, भांडणं झाली आणि अखेर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी कर्तबगार होते, यात शंका नाही. १७५४ मध्ये त्यांनी तीन डच जहाजांना गाठलं, दोन जाळली आणि एक पकडलं. पण ते पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी काय केलं? तुळाजींना वठणीवर आणायला मुंबईच्या इंग्रजांना सोबत घेतलं. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. मग पाळी विजयदुर्गाची.

आता जे सांगायला मी आज आलो, ते सांगतो. जरा सावकाश सांगतो.

१७५६ चा फेब्रुवारी महिना. मुंबईहून ॲडमिरल वॉटसनचा काफिला निघाला. ‘केंट’ हे त्याचं निशाणाचं जहाज. बरोबर जमिनीवर लढायची फौज, आणि तिचा सरदार कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. हो, तोच क्लाइव्ह. निघण्याआधीच लुटीची वाटणी कागदावर ठरली होती. इकडे जमिनीवरून रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन आले होते. तुळाजी किल्ल्यातून निघून त्यांच्याशी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले, मागे किल्ला मेहुण्याच्या हाती. वॉटसनला धास्ती एकच. बोलणी जमली तर किल्ला पेशव्यांकडे जाईल, आणि किल्ल्यातला खजिनाही.

१२ फेब्रुवारीला जहाजं दोन रांगा धरून नदीच्या मुखात शिरली. किल्ल्याच्या बाजूच्या रांगेत मोठी लढाऊ जहाजं, पलीकडच्या रांगेत लहान. बाँबगोळे फेकणाऱ्या नौकाही होत्या. किल्ल्यानं तोफा सुरू केल्या, जहाजांनी उत्तर दिलं. आणि आंग्र्यांचं आरमार कुठं होतं? किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत, जहाजाला जहाज दोरखंडानं बांधून ठेवलेलं. किल्ला वाचवील, या भरवशावर.

दुपार कलताना एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मुळात इंग्रजांच्याच कंपनीचं, तुळाजींनी काही वर्षांपूर्वी पकडून आपल्यात सामील केलेलं. ते पेटलं. त्याच्या शेजारचं पेटलं. मग त्याच्या शेजारचं. दोरखंड तोडायला उसंत मिळाली नाही. गुराबा गेल्या, गलबतं गेली, किनाऱ्यावर बांधकाम चाललेली मोठी जहाजंही गेली. पन्नास वर्षं ज्या आरमारानं पोर्तुगीज, डच, इंग्रज तिघांनाही धाकात ठेवलं, ते एका संध्याकाळी आपल्याच बंदरात जळालं. पुन्हा सांगतो, खुल्या समुद्रात नाही, आपल्याच बंदरात, आणि पेशव्यांची फौज किनाऱ्यावर उभी असताना.

त्या रात्री क्लाइव्ह माणसं घेऊन जमिनीवर उतरला. कशासाठी? किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध बसायला, म्हणजे मराठ्यांना आत शिरता येऊ नये. दोस्ताचीच वाट अडवायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भडिमार झाला आणि १३ तारखेच्या संध्याकाळी किल्ल्यानं पांढरं निशाण दाखवलं. आत अडीचशेच्या आसपास तोफा आणि दहा लाखांच्या घरात ऐवज मिळाला. सगळा इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला, मराठ्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही.

आणि किल्ल्यात तुळाजींचं कुटुंब सापडलं. त्यांच्या वृद्ध मातोश्री, बायका, मुलं. वॉटसनच्या जहाजावर आइव्ह्ज नावाचा एक शस्त्रवैद्य होता, त्यानं हा प्रसंग लिहून ठेवला आहे. वॉटसन त्यांना भेटायला गेला तेव्हा सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकून मुजरा केला आणि सगळी रडू लागली. वॉटसन म्हणाला, घाबरू नका, तुम्हाला कुणी इजा करणार नाही. तेव्हा म्हाताऱ्या आईला राहवलं नाही. ती म्हणाली, प्रजेला राजा उरला नाही, मला मुलगा उरला नाही, सुनांना नवरा नाही, लेकरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, आजपासून मला बापाच्या जागी समजा. हे ऐकून सगळ्यांत धाकटा मुलगा, असेल सहा वर्षांचा, हुंदके देत पुढं आला. त्यानं ॲडमिरलचा हात धरला आणि म्हणाला, मग तुम्हीच माझे बाबा.

आइव्ह्ज लिहितो की वॉटसनला तोंड फिरवावं लागलं, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून.

श्रोतेहो, हा प्रसंग मला इतका का लागतो? कारण त्यात कुणी खोटं बोलत नाही. वॉटसनचे अश्रू खरे असतील, मी ते नाकारत नाही. पण त्या मुलाचा खरा बाप जिवंत होता. कोसभरावर, मराठ्यांच्या छावणीत, कैद झालेला होता. आणि तो कुणा इंग्रजाच्या कैदेत नव्हता, आपल्याच माणसांच्या कैदेत होता. तुळाजी पुढं या किल्ल्यातून त्या किल्ल्यात फिरवले गेले, त्यांना शेवटपर्यंत सुटका मिळाली नाही. सहा वर्षांच्या पोराला शत्रूचा हात धरावा लागला, तो घरातल्या भांडणापायी. नानासाहेबांच्या कारभाराचं मला पुष्कळ कौतुक आहे, पुण्याला त्यांनी पाणी आणलं, शहर वसवलं. पण विजयदुर्गाची ही चूक मी त्यांना माफ करू शकत नाही. तुळाजींना आवरायचं होतं तर आवरायचं, आरमार कशाला जाळू द्यायचं? जहाज बांधायला वर्षं लागतात. खलाशी तयार व्हायला पिढी जाते.

किल्ला इंग्रजांनी लगेच सोडला नाही. महिनोन्‌महिने चालढकल केली. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आपल्याकडे कायम करून घेतलं, तेव्हा कुठं विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला.

आता ते बारा लाख. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाहून निघाले ते वर्षाच्या आत कलकत्त्यात होते. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, जूनमध्ये प्लासी झाली. माणसं तीच. पश्चिम किनाऱ्यावर त्यांना अडवणारं मोठं आरमार उरलं नव्हतं. वॉटसन त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला, पण क्लाइव्ह आणि कंपनी बंगालच्या मालक झाल्या. नागपूरकरांची बंगालची चौथाई थकली. रघूजीराजांचे पुत्र जानोजीराजे बाकी मागत राहिले, वकील जात-येत राहिले, कंपनी टोलवत राहिली. रघूजीराजे फेब्रुवारी १७५५ मध्ये गेले, विजयदुर्ग जळायच्या बरोबर वर्षभर आधी. त्यांच्या तहाची अशी वाताहत त्यांना पाहावी लागली नाही. मग १८०३ मध्ये देवगावच्या तहानं ओडिशाही गेला. कोकणातल्या नदीचं मुख आणि नागपूरचा खजिना यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

विजयदुर्ग मात्र पुढंही लढला. पेशव्यांनी तिथं धुळपांना नेमलं. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये ‘रेंजर’ नावाचं इंग्रजी जहाज घमासान लढून पकडलं आणि विजयदुर्गाच्या बंदरात आणलं. सालबाईचा तह होऊन गेला होता, त्यामुळे पुढं ते परत द्यावं लागलं. पण जळून खाक झालेल्या बंदरात सत्तावीस वर्षांनी पुन्हा आरमार उभं होतं, आणि ते लढत होतं, हे धुळपांचं मोठं काम. त्यांचा वाडा आजही गावात आहे.

कुणाला जायचं असेल तर थंडीत जा. कोकण रेल्वेनं राजापूर रोड किंवा कणकवलीला उतरा, पुढं एसटी आहे. दरवाजाशी मारुतीचं देऊळ लागतं, तिथून वर चढा. आतल्या इमारती पडल्या आहेत, पण तट शाबूत आहे. समुद्राकडच्या तटावर तोफगोळ्यांनी पडलेले खळगे दिसतात. एका खळग्यात माझी मूठ सहज गेली. कडा पावसानं गुळगुळीत झाल्या आहेत आणि आत काळपट शेवाळ धरलं आहे. तटाच्या सांध्यांत वड-पिंपळाची रोपं मूळ धरतात, ती वेळच्या वेळी काढली नाहीत तर जे काम ॲडमिरल वॉटसनला जमलं नाही ते झाडं करतील. तटावर नाव कोरणाऱ्यांना तर मी तिथल्या तिथं टोकतो, तुम्हीही टोका. आणि किल्ला नुसता आतून बघू नका. भरतीची वेळ गावात विचारून होडीनं खाडीच्या मुखाशी जा आणि तिथून किल्ल्याकडे बघा. तीनदा आलेल्यांना परत का जावं लागलं, ते होडीतून कळतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्याच वर्षी विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला. इकडे आपल्या सीताबर्डीची लढाई त्याच्या काही महिनेच आधी, नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली होती. त्या लढाईबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर बोलू. नमस्कार.