मालक कोण, ते सांगा!

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत विषय छापलाय ‘जुने गेम पुन्हा बाजारात आणताना: कायदा, तंत्र आणि व्यवसाय’. तिन्हींवर बोलणार आहे. पण आधी एक गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ कुणी कुणी खेळलाय? हात वर करा बघू. वा, बरेच आहात! आता ज्यांनी तो गेल्या दहा वर्षांत रीतसर, नवाकोरा विकत घेतलाय, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सगळे हात खाली.

हा कॉम्प्युटर गेम २००० सालचा. मोनोलिथने बनवला, फॉक्स इंटरॅक्टिव्हने बाजारात आणला. साठच्या दशकातली केट आर्चर नावाची गुप्तहेर आहे. कोपऱ्यात दोन पहारेकरी गप्पा मारत उभे असतात आणि आपण बंदूक रोखायची सोडून त्यांचं बोलणं ऐकत राहतो. इतकं जीव लावून लिहिलेलं फार थोड्या गेममध्ये सापडतं. पुढे २००३ मध्ये फॉक्स इंटरॅक्टिव्ह विवेंडीकडे गेली, २००४ मध्ये मोनोलिथ वॉर्नरकडे गेला आणि २००८ मध्ये विवेंडीचा गेमचा धंदा ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला. एवढ्या वाटण्या झाल्या, त्यात हा गेम कुणाच्या पदरात पडला?

जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्ह स्टुडिओने हेच विचारलं. ही मंडळी कच्च्या गुरूची चेली नव्हती. ‘सिस्टम शॉक २’ हा १९९९ चा गेम त्यांनीच परत आणला होता. तो बनवणाऱ्यांपैकी लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क गेले एका विमा कंपनीकडे. हो, विमा कंपनीकडे! नाइटडाइव्हचे संस्थापक स्टीफन किक यांनी तिला गाठलं, बोलणी केली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम विक्रीला आला. मालक सापडला, त्याने ऐकून घेतलं, काम झालं.

केट आर्चरच्या बाबतीत फॉक्स, वॉर्नर आणि ॲक्टिव्हिजन ही तिन्ही दारं ठोठावून झाली. कुणालाच खात्रीने सांगता येईना की हक्क आपले आहेत, आणि आपले नाहीत असंही कुणी लिहून देईना. कागद असलेच तर कुठल्यातरी खोक्यात, संगणकात नोंदी ठेवायला लागण्याच्या आधीचे. बरं, हक्क आपले निघाले तर परवानगीशिवाय गेम बाजारात आणणाऱ्याला कोर्टात खेचायची मुभा मात्र प्रत्येकाने हातची राखलेली. स्वतः काढणार नाहीत, दुसऱ्याला काढू देणार नाहीत. तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलंय. दरम्यान फॉक्स ही मूळ कंपनी डिस्नेकडे गेली, ॲक्टिव्हिजन मायक्रोसॉफ्टकडे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉर्नरने मोनोलिथच बंद करून टाकला. मालक बदलला की ते खोकं कुठे ठेवलंय हे आठवणारा माणूसही जातो. याचा मला मनापासून संताप येतो.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग तंत्राचं भरभर सांगतो. कायदेशीर वाट मोकळी झाली तरी मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर, हवा ना? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वेस्टवुडच्या १९९७ च्या ‘ब्लेड रनर’चा कोड हरवला. जुने गेम नव्या यंत्रांवर चालवणाऱ्या स्कमव्हीएम प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून, तयार गेम आतून उकलून त्याचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने लिहिलं, तेव्हा कुठे २०१९ मध्ये तो पुन्हा विक्रीला आला. जुन्या काळचे १६-बिट प्रोग्रॅम आजच्या ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. काही गेमचा वेग प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला, त्यामुळे नव्या यंत्रावर ते सुसाट पळतात. सीडीची नक्कल रोखणाऱ्या सेफडिस्क नावाच्या कुलुपाला विंडोज १० ने थारा देणं बंद केलं, तेव्हा पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीही घरात मुकी झाली.

व्यवसायाचं म्हणाल तर वकिलाचं बिल गेम लहान की मोठा हे बघून येत नाही, आणि जुन्या गेमला किंमत मिळते थोडी. त्यात संगीताचे परवाने मुदतीचे. ‘जीटीए ४’ मधली कितीतरी गाणी २०१८ मध्ये काढावी लागली. ‘ॲलन वेक’ २०१७ मध्ये गाण्यांपायीच विक्रीतून गेला आणि करार नव्याने झाल्यावर, म्हणजे २०१८ मध्ये, परतला. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, हे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून दाखवलं.

आता ज्यासाठी आलो ते. ‘नाही’ म्हणायला मालकाला एक पैसा पडत नाही, सगळं पाणी इथे मुरतंय. माझी मागणी अशी: हक्कांची जाहीर नोंदवही असावी. ठरावीक वर्षं गेम बाजारात नसेल तर मालकाने तिथे येऊन ‘हा माझा’ असं नाव लावावं. कुणीच आलं नाही तर ज्याला गेम काढायचाय त्याने मानधनाची रक्कम अनामत ठेवावी आणि काढावा. मालक मागाहून उगवला तर पैसे त्याचे, पण गेम मागे घ्यायचा नाही. यात कोणाचा हक्क बुडतो, ते मला दाखवून द्या. आणि इथे जे गेम बनवणारे बसले आहेत, त्यांनी आपल्या कराराची एक प्रत आणि कोडची एक प्रत आज घरी गेल्या गेल्या काढून ठेवा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे, बोला.