मेणाच्या ठोकळ्यातली गाठ

(दृश्य: परळ, सकाळचे साडेसात. जेरबाई वाडिया रोडचा फुटपाथ. चहाची टपरी, फायली सांभाळत उभी असलेली माणसं.)

बाहेरगावाहून आलेली माणसं इथे लगेच ओळखू येतात. एका हातात एमआरआयची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. रात्र दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढलेली, नाहीतर इथेच फुटपाथवर. आणि शर्टाच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पुडीत गुंडाळलेला एक मेणाचा ठोकळा. काडेपेटीपेक्षाही लहान.

"काका, ब्लॉक आणलाय ना?" खिडकीवरचा पहिला प्रश्न.

मुंबईत ब्लॉक म्हणजे दोन खोल्यांचं घर, एवढंच काकांनी आजवर ऐकलेलं. या नव्या ब्लॉकमध्ये त्यांच्या मुलाच्या मेंदूतून काढलेल्या गाठीचा तुकडा आहे. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेला, मग मेणात बसवलेला. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा हरवू नका. म्हणून एसटीत रात्रभर हात खिशावर.

आपली गोष्ट या ठोकळ्याची आहे.

(दृश्य: टाटा मेमोरियलची जुनी इमारत.)

कर्करोगाचं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. बाकी इतिहास कोनशिलेवर वाचता येतो, आपण आत जाऊ.

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींमध्ये मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पुन्हा पुन्हा येतं. ही गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूच्या भागात वाढते. तोल सांभाळण्याचं काम लहान मेंदूचं. त्याच्या पुढ्यातच मेंदूतलं पाणी वाहून जाण्याची वाट असते. गाठीने ती वाट अडवली की पाणी तुंबतं, डोक्यातला दाब वाढतो. मग पोर सकाळी उठलं की डोकं दुखतं म्हणतं, उलटी करतं, आणि उलटी झाली की बरं वाटतं म्हणून शाळेतही जातं. घरात आधी जंताचं औषध होतं. मग आजी मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढते. पोर सरळ रेषेत चालेनासं झालं, की मग कुणीतरी स्कॅन करायला सांगतं. यात आईबापांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. सकाळच्या उलटीला पोटाआधी मेंदू कुणाला आठवतो?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच. गर्द निळ्याजांभळ्या पेशींची दाटी.)

१९२५ साली हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या दोन अमेरिकी डॉक्टरांनी या गाठीला हे नाव दिलं. पुढची कित्येक दशकं डॉक्टरांना एक कोडं सुटत नव्हतं. दोन मुलांच्या गाठी काचेवर सारख्याच दिसायच्या. उपचारही तेच. तरी एक मूल दहावीला बसायचं आणि दुसरं दोन वर्षांत जायचं.

कोड्याचं उत्तर जनुकांत निघालं. २०१२ मध्ये जगभरच्या संशोधकांचं एकमत प्रसिद्ध झालं: हा एक आजार नाही, हे चार आहेत. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. यातल्या एसएचएचचं पूर्ण नाव सॉनिक हेजहॉग, व्हिडिओ गेममधल्या निळ्या, काटेरी प्राण्यावरून ठेवलेलं. शास्त्रज्ञांनाही गंमत सुचते. फक्त पुढे कधीतरी ते नाव कुणाच्या तरी बापाला समजावून सांगावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

चारांतला डब्ल्यूएनटी गट सर्वांत चांगला, या गटातली दहापैकी नऊहून अधिक मुलं बरी होतात. गट ३ सर्वांत वाईट. म्हणजे गट कळला तर उपचार किती कडक ठेवायचे, हे ठरवता येईल. पण गट कळणार कसा? त्यासाठीच्या तपासण्या महागड्या, आणि त्यांना हवी ऑपरेशन होताच गोठवलेली ताजी गाठ, उणे ८० अंशांवर जपलेली. आपल्याकडे येतो तो खिशातला मेणाचा ठोकळा.

(दृश्य: खारघर. टेकड्यांच्या पायथ्याशी अ‍ॅक्ट्रेकचा परिसर. प्रयोगशाळेत पिपेट धरलेले हात.)

अ‍ॅक्ट्रेक म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र, ते इथे, खारघरला आहे. डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने नेमका हाच पेच हातात घेतला.

अडचण अशी. जनुकांचा पेशीला जाणारा निरोप आरएनएच्या रूपात असतो. कोणती जनुकं बोलताहेत आणि कोणती गप्प आहेत, हे आरएनए मोजून कळतं. पण फॉर्मेलिन आणि मेण यांतून गेलेल्या आरएनएचे तुकडे तुकडे होतात. डबा हिंदकळला की आतल्या पापडांचा चुरा होतो, तसं. मात्र त्याच डब्यात मोहरीचे दाणे असतील तर ते जसेच्या तसे राहतात. पेशीतली ही मोहरी म्हणजे मायक्रोआरएनए. जेमतेम बावीसेक अक्षरांचे तुकडे. इतके लहान, की आणखी तुटायला फारसं काही उरतच नाही. त्यांचा शोध १९९३ चा, आणि त्याबद्दल व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

कोणत्या गटात कोणते दाणे जास्त आणि कोणते कमी, याचा हिशेब या प्रयोगशाळेने मांडला. भारतीय रुग्णांच्या गोठवलेल्या ४४ आणि मेणातल्या ५९ गाठी तपासल्या. त्यातून १२ जनुकं आणि ९ मायक्रोआरएनए यांचा संच ठरला. यंत्र कुठलं? आरटी-पीसीआर. कोविडच्या दिवसांत ज्याचा रिपोर्ट घराघरांत मोबाइलवर उघडला जायचा, तेच तंत्र. गट ओळखण्याची अचूकता ९७ टक्के भरली. २०१३ मध्ये हे काम 'न्यूरो-ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात छापून आलं.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ९७ हा आकडा वाटत नाही. पिशवीतून येणारा ठोकळा जसा येतो तसा स्वीकारून तपासणी त्याच्याभोवती बेतली, हे मला मोठं वाटतं.

याच अभ्यासात आणखी एक धागा सापडला. गट ३ आणि ४ मध्ये ज्या गाठींत एमआयआर-१८२ हा मायक्रोआरएनए वाढलेला किंवा एमआयआर-५९२ घटलेला, त्या मुलांचं आयुष्य कमी. पुढे डब्ल्यूएनटी गाठींत भरपूर असणारा एमआयआर-१४८ए घेऊन तो दुसऱ्या गटांच्या पेशींत घातला, तर प्रयोगशाळेत आणि उंदरांत त्या पेशींचा जोर ओसरला. म्हणजे हे दाणे नुसते ओळखपत्र नाहीत, गाठीच्या स्वभावातही त्यांचा हात आहे. यातून औषध निघायला मात्र अजून फार लांब जायचं आहे.

(दृश्य: रेडिएशन विभागाबाहेरचा बाक. जाळीदार प्लास्टिकचा मास्क, त्यावर रंगवलेला वाघ.)

आता उपचार. आधी ऑपरेशन. मग शेक, म्हणजे रेडिएशन. ही गाठ पाण्याच्या वाटेने पाठीच्या कण्यापर्यंत पेशी सोडते, म्हणून संपूर्ण डोकं आणि संपूर्ण कणा शेकावा लागतो. मध्यम धोक्याच्या मुलांना तिथे २३.४ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप), आणि गाठीच्या जागी एकूण ५४. तीस दिवस. अगदी लहान मुलांना रोज उपाशी ठेवून, भूल देऊन. मूल वाचतं, पण किंमत मोजून: कण्याची वाढ खुंटते, हॉर्मोन्स कमी पडतात, शाळेत मागे पडायला होतं.

मग साहजिक विचार आला. डब्ल्यूएनटी गाठ एवढी गुणी आहे, तर तिच्यासाठी कण्याला शेक हवाच कशाला? फक्त गाठीच्या जागी द्यावा आणि वर केमो. टाटा मेमोरियलमध्ये काळजीपूर्वक निवडलेल्या मोजक्या मुलांवर याची चाचणी सुरू झाली. आणि गाठ परतली. मूळ जागी नव्हे, ज्या भागाला शेक दिला नव्हता तिथे, मेंदूच्या आणि कण्याच्या इतर भागांत. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

२०२२ मध्ये डॉक्टरांनी हा निकाल प्रसिद्ध केला, आणि शीर्षकातच सांगून टाकलं की असं केल्यास धोका न स्वीकारण्याइतका मोठा आहे. फसलेले प्रयोग बहुधा कपाटातच राहतात. हा कपाटात राहिला असता, तर दुसऱ्या कुठल्या तरी शहरात तोच विचार पुन्हा कुणाला तरी सुचला असता, दुसऱ्या मुलांवर.

त्यानंतर आखलेल्या चाचणीत कण्याचा शेक वगळलेला नाही. तो १८ ग्रेवर आणला आहे.

(दृश्य: पुन्हा परळ. खिडकी. काकांच्या पुडीतला ठोकळा ट्रेमध्ये जातो. त्यावर नंबर लिहिला जातो.)

"रिपोर्ट कधी मिळेल, ताई?"

"फोन येईल, काका. नंबर बरोबर लिहिलाय ना?"

काका मोबाइल काढतात, स्वतःचाच नंबर एकेक आकडा करत पुन्हा वाचून दाखवतात. रिकामी पुडी घडी घालून परत खिशात ठेवतात.