वही कोणाच्या हाती?

[दृश्य: मिरज. मंडळीच्या आवारात जमलेले प्रतिनिधी.]

आज सातारा-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, विभागीय मंडळाची बैठक आहे. एसटीनं आलेले पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, अजून चहा घेताहेत; गाडीनं आलेले पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, केव्हाच आत गेलेत. दारात ‘सलाम, सलाम’ चालू आहे आणि तो मनापासून आहे. खुर्च्या धरताना मात्र साताऱ्याकडचे साताऱ्याकडच्यांजवळ बसतात, मिरजेचे मिरजेच्यांजवळ. खेड्यांतून आलेले मागच्या रांगेत, पंखा नाही त्या बाजूला.

या अंतरामागं एकमेकांवरचा अविश्वास आहे. अविश्वास म्हटला की आपण लगेच माणसांचे स्वभाव काढतो. इथं आधी इतिहास काढायला हवा.

[दृश्य: साताऱ्यातली जुनी मंडळी, मग मिरजेचं इस्पितळ.]

साताऱ्याकडं ख्रिस्ती काम आलं ते अमेरिकन मराठी मिशनबरोबर, १९ व्या शतकाच्या मध्यावर. ही काँग्रिगेशनल माणसं. त्यांच्या रीतीत प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार. वरचा कोणी हुकूम सोडत नाही. दक्षिणेकडं वेगळी हवा होती. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, आणि त्या कामातून पुढे सांगली-मिरजेकडं प्रेसबिटेरियन पद्धत रुजली. तिथं वडीलजनांची, म्हणजे मंडळ्यांतल्या निवडलेल्या ज्येष्ठांची, सभा मोठी, एकट्या मंडळीपेक्षा मोठी. डॉ. वानलेस यांचं मिरजेतलं इस्पितळ १८९४ मध्ये सुरू झालं, तेही याच मिशनचं.

१९२४ मध्ये या दोन्ही परंपरा एका संयुक्त चर्च-संस्थेत आल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा चर्च-संस्था एकत्र आल्या, त्यांत बिशपांचा कारभार मानणारे अँग्लिकनही होते. म्हणजे आता बिशपही आले. ज्या घरात आजोबा ‘मंडळी ठरवेल’ म्हणत आणि वडील ‘वडीलजन ठरवतील’ म्हणत, तिथल्या नातवानं ‘बिशपसाहेब ठरवतील’ म्हणायचं होतं. काहींनी म्हटलं. काही बाहेरच राहिले. तीन सवयी एका टेबलाशी बसल्या की पहिला संशय पैशावर येतो आणि दुसरा जमिनीवर.

[दृश्य: कुंपण, गंजलेलं फाटक, आत चिंचेची झाडं.]

जमीन मिशनच्या काळातली. तेव्हा गावाबाहेर होती, आता शहर तिच्या अंगावर आलंय. ती बहुतेक सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते. न्यासाची जमीन विकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि बिगरशेती जागा ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची, तर न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत त्या बदलाची नोंद करायला फेरफार अर्ज. आणि २०१३ मध्ये गुजरातमधल्या एका मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून न्यासाची मालमत्ता आपोआप दुसऱ्याकडं जात नाही. महाराष्ट्रातही कायदा तोच. त्यामुळं एकीची प्रार्थना एका दिवसात झाली, सात-बाराची एकी मात्र कोर्टाच्या तारखांवर अडकली. विभागीय बैठकीत कोणी ‘आपली जागा’ म्हणालं की चार माना वर होतात: आपली म्हणजे नक्की कोणाची?

यावर नेहमीचा उपाय म्हणजे उपदेश. प्रीती करा, क्षमा करा, प्रीतिभोजन घ्या. प्रीतिभोजन चांगलंच असतं, विशेषतः मटण असेल तर. पण त्याच दुपारी खजिनदार हिशेबाचा कागद उलटा धरून ‘सगळं बरोबर आहे’ म्हणाले, तर जेवण पचत नाही.

साताऱ्यानं हे एकदा दुसऱ्या अंगानं पाहिलंय. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून तिथं राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळावा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही दार उघडं. ९ मे १९१९ ला टिळक गेले, आणि त्यांच्यामागं दरबार फार टिकला नाही. माया भरपूर होती. ती सांभाळणारी व्यवस्था उभी राहायला वेळच मिळाला नाही, असं मला वाटतं.

[दृश्य: बैठक. एक पंचबाई शास्त्र वाचतात.]

बैठकीची सुरुवात आज बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायानं होते. यरुशलेमेतली पहिली मंडळी. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर, की रोजच्या वाटपात आमच्या विधवा राहून जातात. प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका’ असं सांगितलं नाही. सात माणसं निवडायला लावली. नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं. बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती वाटप गेलं.

म्हणूनच आजच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय असा आहे: हिशेब तपासणी समितीत मोठ्या मंडळ्यांचा कोणी नको, मागच्या रांगेतले घ्यावेत. एक जुने पंच हरकत घेतात, ‘त्यांना ताळेबंद वाचता येतो का?’ मागून उत्तर येतं, ‘शिकवा की मग.’ हशा होतो. पण शिकवायचं ठरतं. त्यासाठी कराडकडचे एक निवृत्त बँक कर्मचारी दर महिन्याला एक शनिवार द्यायला तयार होतात.

दुसरं ठरतं ते मुक्कामाचं. पुढची बैठक शहरात नको, एखाद्या खेड्यातल्या मंडळीत घ्यायची; लॉज नाही, घरोघरी राहायचं. रात्री भाकरी-कोरड्यास खाताना कळतं, की त्या मंडळीनं छपरासाठी दोनदा अर्ज केला होता आणि उत्तरच आलं नव्हतं. असा अर्ज बैठकीत वाचून दाखवला तर तो एक कागद असतो. गळक्या छपराखाली झोपलेला पाळक तो विसरत नाही.

[दृश्य: दुपार. आवाज चढलेले.]

भाडेपट्ट्याचा विषय मात्र आज सुटत नाही. साताऱ्याकडचे म्हणतात, स्थानिक मंडळीची संमती आधी. मिरजेचे म्हणतात, सभा ठरवेल. दीड तास जातो. शेवटी इतकंच मंजूर होतं, की मूळ कागदांच्या झेरॉक्स प्रती सगळ्या मंडळ्यांना पाठवायच्या, लहानातल्या लहान मंडळीलासुद्धा, आणि प्रती मिळाल्याची सही आल्याशिवाय विषय पुन्हा घ्यायचा नाही.