घसा ठीक आहे

सांगली-मिरजेतील आणि आसपासच्या गावांतील सर्व श्रोत्यांना नमस्कार. आजाराची कथा चित्रांच्या चौकटींतून सांगणाऱ्या पुस्तकांविषयी आज बोलायचे आहे. वेल्समधील डॉक्टर इयन विल्यम्स यांनी २००७ साली या प्रकाराला ‘ग्राफिक मेडिसिन’ असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. या पुस्तकांत शब्द आणि चित्र यांचे पुष्कळदा एकमत नसते. शब्द एक सांगतात, चित्र दुसरेच सांगते, आणि दोहोंचा मेळ वाचकाला घालावा लागतो. हे नियम म्हणून समजावत बसण्यापेक्षा आमच्या शेजारच्या गुरुजींची हकिगत सांगतो.

गुरुजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकावा, ही आपल्या शाळांची रीत मला कधीच पटलेली नाही. पण ते असो. गुरुजींना तंबाखूचे व्यसन होते. त्यांचा आवाज बसला, तो काही केल्या सुटेना. अखेर मिरजेत स्वरयंत्राच्या कर्करोगाचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढून टाकावे लागले. श्वासासाठी गळ्याला छिद्र, अन्नासाठी नाकातून नळी आणि बोलण्यासाठी नातवाची गणिताची चौकटींची वही, अशी त्यांची व्यवस्था झाली.

डॉक्टर रोज फेरीला येत, “घसा कसा आहे?” असे विचारत आणि गुरुजी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहीत: “घसा ठीक आहे.” डॉक्टर ते वाचून पुढच्या खाटेकडे वळत. एके सकाळी मात्र काकूंनी त्यांना थांबवले. “अहो डॉक्टर, वरचे चित्रपण बघा की. आमचे हे लिहिताना सभ्य असतात, चित्रात नसतात!” त्या ओळीच्या वर गुरुजींनी स्वतःचे डोके काढले होते. डाव्या कानात उसाचा लाकडी चरक बसवलेला, त्याच्या रुळांत अख्खे कांडे अडकलेले, आणि चरकाच्या दांड्याला जुंपलेला बैल मान खाली घालून टाळूवरून गोल फिरत होता. त्याच्या खुरांनी केसांमधून पायवाट पाडली होती.

डॉक्टर आधी हसले आणि लगेच गंभीर झाले. घशातील आणि कानातील संवेदना वाहून नेणाऱ्या काही नसा एकच असल्यामुळे घशातील दुखणे कानात जाणवू शकते, हे त्यांनी काकूंना समजावून सांगितले. पुन्हा तपासणी केली, तेव्हा आत एका टाक्यापाशी जखम चिघळू लागलेली आढळली.

गुरुजींनी खोटे लिहिले नव्हते. शब्दांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते आणि न विचारलेल्या प्रश्नाचे चित्राने. नुसती ओळ वाचली असती तर आपणही पुढच्या खाटेकडे गेलो असतो. नुसते चित्र पाहिले असते तर थट्टा समजून हसलो असतो. दोन्ही एकत्र पाहिल्यावरच, वेदना सोसत डॉक्टरांचा मान राखणारा माणूस दिसू लागतो. शिवाय पायवाट पडलेली दिसली की हा ठणका बराच काळ थांबलेला नाही, हे वेगळे लिहावे लागत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, शब्द एक सांगतात, चित्र दुसरेच सांगते.

मोठे चित्रकार हेच जाणीवपूर्वक करतात. फ्रेंच चित्रकार डेव्हिड बी. यांनी ‘एपिलेप्टिक’ या आत्मकथनात थोरल्या भावाची अपस्मारग्रस्त अवस्था रेखाटली आहे. मजकुरात आईवडिलांचे उपाय एकामागून एक येत राहतात, आहाराचे पंथ झाले, अॅक्युपंक्चर झाले, प्रेतात्म्यांना बोलावणेही झाले. चित्रात मात्र आजाराचा लांबलचक, सर्पासारखा राक्षस भावाला आणि साऱ्या कुटुंबाला विळखा घालून बसलेला असतो. अमेरिकेच्या डेव्हिड स्मॉल यांच्या २००९ सालच्या ‘स्टिचेस’मध्ये चौदा वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेनंतर जागा होतो, तेव्हा त्याचा आवाज गेलेला असतो आणि आपल्याला कर्करोग होता हे घरातील कोणी त्याला सांगितलेले नसते. तेथे चित्रकार पुष्कळ ठिकाणी शब्दच काढून घेतो, आणि घरातील माणसांचे न बोलणे मुलाच्या मुकेपणाइतकेच डोळ्यांना दिसू लागते.

गुरुजींनी बराच वेळ घेतला, त्यामुळे दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीविषयी आता थोडक्यातच सांगतो. एका चौकटीत गाठीचा तुकडा तपासणीला जातो आणि लगतच्या चौकटीत अहवाल हाती पडतो; मधले दिवस कोणी काढलेले नसतात. ज्याने आपल्या घरच्या माणसासाठी असा अहवाल घ्यायला चिठ्ठी हातात धरून रांग लावली आहे, त्याला त्या पट्टीशी सर्वांत जास्त वेळ लागतो. नमस्कार.